परत कोण आणून देणार

दोन हजार चोवीस साल संपत आलं होतं आणि मला शहात्तरावं चालू होतं. कागदावरचं म्हणतोय. खरं वय आईला ठाऊक होतं, ती गेली. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ही तारीख टाकली, शाळेचं तेवढंच माझ्याकडे राहिलं. चौथीनंतर मी तिकडे फिरकलो नाही. आमच्या क्लबात एक जूनला केक कापतात तेव्हा एकाच केकमागे आम्ही तिघे म्हातारे उभे असतो.

क्लब म्हणजे पत्त्यांचा नव्हे. जव्हारातले डॉक्टर, मास्तर, दुकानदार, बँकेतले साहेब दर गुरुवारी जमतात, चहा आणि वेफर्स होतात, आणि मग चष्म्यांचं शिबिर, शाळेतल्या पोरांना दप्तरं असली कामं ठरतात. माझं स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. क्लबाला कोणी चाकाची खुर्ची दिली होती, तिचं चाक वाकडं फिरायला लागलं म्हणून मला बोलावलं. मी चाकाचा आऊट काढला, टायर बदलला आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी मला मेंबर केलं. कोटाला लावायची पिन दिली. कोट नव्हता, सदऱ्याला लावली. आजही लावतो.

हॉलच्या मागे एक खोली आहे, तिची किल्ली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. खोलीत काठ्या, कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, आणि डोक्याकडून वर होणाऱ्या चार कॉट. ज्याच्या घरी माणूस आजारी असेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. भाडं नाही. फक्त वहीत लिहायचं. वहीचे बाकीचे रकाने सेक्रेटरींनी आखले, शेवटचा मी आखायला लावला. त्यावर लिहिलंय, ‘परत आणून देणार’.

त्या रकान्यात पेशंटचं नाव चालत नाही. भावकीतला, शेजारचा, कोणीही चालेल, पण जव्हार नाहीतर शेजारच्या मोखाडा तालुक्यातला पाहिजे आणि त्याने स्वतः सही नाहीतर अंगठा दिला पाहिजे. सुरुवातीला एकाच्या मुलाने कॉट ठाण्याला नेली, ती अजून ठाण्यालाच आहे. आणि दुसरं कारण साधं आहे. वस्तू परत यायची वेळ होते तेव्हा पुष्कळदा पेशंट नसतो. म्हणून तो रकाना भरल्याशिवाय मी वस्तू हलवू देत नाही. क्लबातले म्हणतात, काका फार कडक. असू दे. ठाण्याच्या कॉटनंतर एक काठीसुद्धा गेली नाही.

परत आणणारे रिकाम्या हाताने येत नाहीत. वावर गावच्या बाया फडक्यात नाचणी बांधून आणतात. जामसरचा एकजण काकड्या घेऊन आला होता. येतात, पायरीवर बसतात, पाणी पितात, पिकाचं बोलतात. माझं दिवसाचं बोलणं होतं ते बहुतेक यांच्याशीच. माणूस कसा आहे, हे मी कधी विचारत नाही. वॉकरच्या चार पायांना रबराच्या टोप्या असतात. त्या झिजून आल्या तर माणूस चालला. नेल्या तशा कोऱ्या आल्या तर मी आणखी एक तांब्या पाणी देतो आणि रस्त्याकडे बघत बसतो.

चार वर्षांपूर्वी दोन नंबरची कॉट माझ्याच घरी होती. बायको तीन महिने तिच्यावर होती. शेवटच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं होतं. तेरावं झाल्यावर कॉट धुतली, हातगाडीवर घातली, आणून जागेवर लावली, वहीत ‘मिळाली’ लिहून सही केली. देणारा मी आणि घेणाराही मीच. त्या दिवशी पाणी विचारायला खोलीत कोणी नव्हतं.

ती असताना क्लबाच्या जेवणाला आम्ही दोघं जायचो. ती बायकांत बसायची, फार बोलायची नाही, पण घरी येताना कोणाची साडी नवी, कोण कोणाकडे पाठ करून बसली होती, सगळं सांगायची. क्लब काय तो मला वाटेत कळायचा. आता मी दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. कोणी विचारलं तर म्हणतो, इथून खोलीकडे लक्ष राहतं.

त्या वर्षी दसऱ्यापासून माझा उजवा गुडघा सुटायला लागला. दुखायचा कमी, पण चालता चालता एकदम पाय आपला नाहीच असं व्हायचं. कोणाला बोललो नाही. आमच्या अध्यक्षाचं औषधाचं दुकान आहे आणि त्याच्याकडे माझ्या मुलाचा नंबर आहे. हा सांगणार, मुलगा रविवारी गाडी घेऊन येणार, आणि मला विरारला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवणार. मुलगा वाईट नाही, सूनही नाही. पण तिथे माझ्या पायरीवर कोण येऊन बसणार? आणि किल्ली इथे द्यावी लागणार. माझ्याकडे दुसरं आहे काय?

डिसेंबरात क्लबाने जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. मोखाड्याला अशीच एक खोली काढायची होती, म्हणजे तिकडच्या लोकांना कॉट जीपच्या टपावर बांधून एवढी वळणं घ्यायला नकोत. त्यासाठी पास काढले आणि मेंबरांना वाटले. दर वर्षी माझे पास सगळ्यांच्या आधी खपतात. यंदा दारोदार फिरणं झालं नाही, अर्धे उरले.

‘‘काका, यंदा ढिले पडलात,’’ अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाला.

‘‘गाणी ढिली आहेत तुमची. लोक विचारतात गाणार कोण, मी बँकेच्या साहेबांचं नाव सांगतो, की लोक पास परत देतात.’’

सगळे हसले. साहेब जास्त हसले. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. मधे पाहुण्यांच्या हस्ते मोखाड्याकडच्या एका बाईला नवा वॉकर द्यायचा होता, फोटो काढायचा होता. तिची जीप आलीच नाही. स्टेजवर घडी घातलेला वॉकर, पाहुणे उभे, घ्यायला माणूस नाही. अध्यक्षाने वरून हाक मारली, ‘‘काका, तुम्ही या. नुसते उभे राहा, फोटोपुरते.’’

‘‘मी पेशंट आहे काय?’’ मी खालूनच ओरडलो. हॉलभर हशा झाला.

‘‘बरं, निदान उघडून तरी द्या. आम्हाला कोणाला उघडता येत नाही.’’

ते खरं होतं. मी गेलो. स्टेजला तीन पायऱ्या, टेबलाची कड धरून चढलो. वॉकर उघडला, दोन्हीकडचे खटके बसवले, चारही टोप्या दाबून बघितल्या. आणि उतरायला वळलो तेवढ्यात गुडघा गेला. हाताला आला तो वॉकरच. दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिलो. समोर सगळं जव्हार बसलेलं.

माईकवाल्या मास्तरीणबाई हुशार. म्हणाल्या, ‘‘आणि आता आपले काका आपल्याला वॉकर कसा वापरायचा ते दाखवतायत!’’

टाळ्या पडल्या. मग मी काय करणार? अठरा वर्षं लोकांना जे सांगत आलो तेच मोठ्याने सांगत चाललो. ‘‘आधी वॉकर पुढे. मग दुखरा पाय. मग चांगला पाय. घाई नाही.’’ स्टेजच्या त्या टोकाला गेलो, वळलो, परत आलो. पुढच्या रांगेतला एक व्यापारी उठला आणि म्हणाला, माझ्यातर्फे तीन वॉकर लिहा. त्याचं बघून आणखी दोघं उठले. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाला, ‘‘काका, काय ॲक्टिंग केलीत! अगदी खरंच पाय गेल्यासारखं.’’

मोखाड्याच्या खोलीचं काम तिथेच झालं म्हणायला हरकत नाही. आणि माझा वॉकर फोटोसाठी उचलून नेला.

मी स्टेजवरच्या खुर्चीवर बसलो. गाणी संपली, लोक मागच्या अंगणात जेवायला गेले. ‘‘काका, चला, पुलाव आहे.’’ ‘‘तुम्ही व्हा पुढे.’’ असं तिघांना सांगितलं, चौथं कोणी आलं नाही. दारातून ताटं दिसत होती, बायकांचं हसणं ऐकू येत होतं. बायको असती तर तिला पहिल्याच पावलाला कळलं असतं. तिने तिथे काही केलं नसतं, वाटेत बोलली असती.

हॉल पुरता रिकामा झाल्यावर मी स्टेजच्या पायऱ्या उतरलो. बसून उतरलो, लहान पोर उतरतं तसा, एकेक पायरी. कोणी बघितलं नाही.

वॉकर खोलीत ठेवायचं काम माझंच होतं. फोटो झाल्यावर तो दाराशी टेकवला होता; वहीत लिहिल्याशिवाय वापरायचा नाही, म्हणून एका हातात तो आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून गेलो, ठेवला आणि वही काढली. म्हटलं, उगाच कशाला मरायचं, लिहून टाकू. वस्तू, वॉकर. पेशंट, माझं नाव. गाव, जव्हार. माझं अक्षर हळू चालतं, पण इथपर्यंत आलं. मग शेवटचा रकाना आला आणि हात थांबला.

मुलाचं नाव चालत नाही, तो तालुक्यातला नाही. अध्यक्षाने हसत सही केली असती आणि मुलाला फोनही केला असता. शेजारचं घर वर्षभर बंद आहे. दुकानाच्या वेळचे होते ते बहुतेक माझ्या आधी गेले. मी बसून आठवत राहिलो आणि मला साखरशेतचा म्हातारा आठवला. खरं तर विसरलो कधी नव्हतो.

तो लावणीच्या दिवसांत आला होता. माझ्याच वयाचा असेल. बांधावरून पडून कंबरेत मार बसला होता. बांबूची काठी टेकत एकटाच आला.

‘‘शेठ, एक ते चालायचं दे.’’

‘‘घरातलं कोणी आलंय?’’

‘‘घरात मीच हाय.’’

‘‘मग परत कोण आणून देणार?’’

‘‘मीच आनीन ना.’’

आणि मी म्हटलं, ‘‘मेलेला माणूस वॉकर घेऊन येतो काय रे?’’

तो रागावला नाही. हसला. म्हणाला, ‘‘नाय येत. तुझं खरं हाय.’’ आणि काठी टेकत स्टँडकडे गेला. खोलीत तेव्हा सहा वॉकर पडून होते. नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि जेवताना पुन्हा सांगितलं.

वही मिटली, वॉकर तिथेच ठेवला, कुलूप लावलं. दुकानांची शटरं धरत घरी गेलो. रोजची दहा मिनिटांची वाट, त्या दिवशी किती लागली ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली. दोन वॉकर काढले, दोघांना नव्या टोप्या बसवल्या. वही आणि शाईचं पॅड पिशवीत घेतलं आणि साखरशेतकडची जीप धरली. जीपवाल्याने वॉकर टपावर टाकताना विचारलं, ‘‘कोण आजारी आहे, काका?’’

‘‘कोणी नाही. दोघांना चालायचंय.’’

म्हातारा खळ्यात पेंढ्याला पाठ लावून उन्हात बसला होता. तीच काठी शेजारी. जीपवाल्याने एक वॉकर त्याच्यापुढे ठेवला आणि गेला. दुसऱ्याला धरून मी खळं ओलांडत होतो, तेवढा वेळ तो नुसता बघत राहिला.

‘‘शेठ, तुला काय झाला?’’

‘‘गुडघा.’’

‘‘आन् हा कोनाचा?’’

‘‘तुझा.’’

त्याने वॉकरकडे बघितलं, हात लावला नाही. ‘‘आनील कोन, माझ्या माघारी?’’

‘‘मी.’’

‘‘आन् तुझा?’’

मी त्याच्याशेजारी पेंढ्यावर बसलो, वही त्याच्या मांडीवर उघडली आणि पॅड पुढे केलं. माफी मागायला आलो नव्हतो, मागितलीही नाही. नियम मी मोडत नव्हतो. तोही तालुक्यातला, मीही.

तो पॅडकडे बघत म्हणाला, ‘‘दोगं एकदम गेलो तर?’’

‘‘तर क्लबातले येतील. त्यांनाही एकदा साखरशेत बघू दे.’’

त्याला खोकला येईपर्यंत हसू आलं. मग त्याने अंगठा शाईत बुडवला आणि माझ्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात दाबून ठेवला, जास्तच वेळ. त्याच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. त्याने कोरा चहा ठेवतो म्हटलं आणि उठायला काठी शोधायला लागला. ती मी लांब सरकवली आणि वॉकर त्याच्यापुढे ओढला.

‘‘आधी हा पुढे,’’ मी म्हटलं. ‘‘मग दुखरा पाय.’’