पाण्याचं भांडं ठेवायचं नाही

मर्व्ह स्टडर्टच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. उरलेला हात मात्र दोघांना पुरेल एवढा. नदीकाठच्या कत्तलखान्यात त्यानं एकतीस वर्षं बैल पाडले, आणि शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये माणसं. ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनमध्ये असा एक काळ होता की मर्व्ह दारात दिसला की गल्ल्यावरची बाई काचेचे पेले उचलून खाली ठेवायला लागायची. तसा तो भांडकुदळ नव्हता. भांडायला शब्द लागतात, आणि शब्द त्याच्याकडे फार थोडे होते. समोरच्याचे शब्द वाढत गेले की याच्या कानांत गरम हवा भरायची, आणि ती निवेपर्यंत हात पुढे जाऊन आलेला असायचा.

त्याच हातांनी तो रोज सकाळी रातकिड्यांसाठी गाजरं सोलायचा, हे मात्र गावात फार थोड्यांना ठाऊक होतं.

बायको सोडून गेली त्या वर्षी कामावरच्या एकानं त्याला टॅरँटुला या केसाळ कोळ्याचं वाटाण्याएवढं पिल्लू डबीत घालून दिलं होतं. तीच ही मेव्हिस. एकोणीस वर्षांत ती एवढी वाढली की पाय पसरून बसली तर बशी झाकली जावी. चिडली की केटलीतून वाफ सुटल्यासारखी सुसकारायची. तिला खायला हवं म्हणून मर्व्हनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रातकिडे वाढवायला घेतले, आणि हळूहळू गावातले इतर कोळी पाळणारेही त्याच्याकडूनच डबे नेऊ लागले. नवा कुणी आला आणि कोळ्याला काय खायला घालू म्हणून विचारू लागला, की मर्व्हचं उत्तर ठरलेलं असायचं. कोळ्याला काही घालू नकोस, रातकिड्याला घाल. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. कोळ्यापुढे टाकायच्या आधी दोन दिवस त्याला भरपेट खाऊपिऊ घालायला हवं: कोंडा, कोंबडीच्या पिल्लांचं खाणं, थोडा पाला. पाणी मात्र भांड्यात ठेवायचं नाही, कारण रातकिडा बोटभर पाण्यातही बुडून मरतो. त्याची तहान भागवायची ती गाजराच्या ताज्या फोडींनी, आणि उन्हाळ्यात पाण्यात फुगवलेल्या जेलीच्या खड्यांनी.

त्यात एक दिवस खंड पडला तर शेडमधली किरकिर मंदावायची. दुसऱ्या दिवशी थांबायची. तहानलेला रातकिडा शेजारच्या रातकिड्याला पितो. आधी नुकती कात टाकून मऊ पडलेल्याला, मग लंगड्याला, मग ज्याला मागे वळायला उशीर झाला त्याला. पोट फोडून ओलं तेवढं घेतो आणि डोकं तिथंच टाकतो. मर्व्हनं हे पुष्कळदा पाहिलं होतं. शुक्रवारच्या पबपेक्षा त्यात त्याला फारसं वेगळं काही दिसलं नव्हतं.

त्याचा धाकटा भाऊ केल्व्हिन शाळेची बस चालवायचा. मर्व्हच्या वाट्याचे शब्दही त्यालाच मिळाले होते. आईला मूठमाती देऊन सगळे पबमध्ये बसले असताना तो मर्व्हला म्हणाला होता, की शेवटचे अकरा महिने ती वृद्धाश्रमात पडून होती आणि तू एकदाही फिरकला नाहीस. ते खरं होतं. मर्व्हनं त्याचा जबडा मोडला. केल्व्हिन खाली पडल्यावरही मर्व्हचा हात थांबला नाही. तिघांनी मिळून ओढला तेव्हा थांबला. जबड्यात धातूची पट्टी घालावी लागली. न्यायाधीशबाईंनी दोन वर्षांची कैद सुनावली आणि डोक्यावर टांगून ठेवली: तीन वर्षं कुणाच्या अंगावर हात टाकला नाहीस तर सुटलास, टाकलास तर आत. तेव्हापासून मर्व्हनं दारू सोडली, पब सोडला, जवळजवळ माणसंच सोडली. त्या तीन वर्षांतले आता चार महिने उरले होते.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी त्याचा हर्निया अडकला आणि तो स्वयंपाकघरात कोसळला. शेजारच्या लर्लीनबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. बाई सत्तरीच्या, जिभेच्या तिखट आणि मनाच्या मऊ. मर्व्हनं दात आवळून रातकिड्यांचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, की तुझ्यासाठी सूप आणीन, तुझ्या चड्ड्या म्हणशील तर धुवीन, पण त्या शेडमध्ये माझं प्रेतसुद्धा जाणार नाही. मी केल्व्हिनला फोन करते. मर्व्ह नको म्हणाला. बाईंनी फोन केला. केल्व्हिन येतो म्हणाला.

स्ट्रेचर दारात उभं असताना मर्व्हनं विजेच्या बिलाच्या पाठीवर चार ओळी खरडल्या आणि फ्रिजवर चिकटवल्या. जवळजवळ तीन वर्षांत भावाला उद्देशून लिहिलेली ती पहिलीच अक्षरं.

*

रविवारी दुपारी लर्लीनबाई त्याला गाडीतून घरी घेऊन आल्या. पोटाला नऊ टाके होते. बाहेर बेचाळीस अंश. केल्व्हिन निघून गेला असेल असं मर्व्हनं धरलं होतं. मी यायच्या आत जा, असा निरोपही त्यानं बाईंच्या हाती पाठवला होता. पण केल्व्हिन स्वयंपाकघरात उभा होता, टोपी हातात घेऊन.

"बस आधी," तो म्हणाला. "बाईंकडून कळवणं बरं दिसलं नसतं, म्हणून थांबलो. मेव्हिस गेली रे. काल चार किडे टाकले तेव्हा बिळाच्या तोंडाशी गप्प बसली होती. सकाळी बघतो तर उताणी. मी हात नाही लावला."

मेलेला कोळी पाय पोटाखाली मुडपून बसतो. उताणा पडतो तो कात टाकायला. मर्व्ह पोट धरून मेव्हिसच्या खोलीकडे धावला.

काचेच्या पेटीत मेव्हिस आपल्या पांढऱ्या जाळ्याच्या चटईवर पाठीवर पडली होती. जुनी कात छातीशी फाटली होती, आणि आतून नवं अंग अर्धं बाहेर आलं होतं, दुधासारखं पांढरं, दुधाच्या सायीइतकं मऊ. कात टाकताना कोळ्याला पळता येत नाही, चावता येत नाही, अंगावरचं काही झटकता येत नाही. चारही रातकिडे तिच्यावर होते. दोघं एकेका पायाच्या सांध्यात डोकं खुपसून होते. एकानं मागचा एक पाय मुळाशी कुरतडून वेगळा केला होता. चौथा तिच्या पोटाच्या कडेला लागला होता आणि त्याच्या तोंडाभोवती तिच्या रक्ताची निळसर ओल चमकत होती.

केल्व्हिन त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "हे बघ, शनिवारचे चार. तिनं खाल्लेच नाहीत."

मर्व्ह वळला तो मूठ घेऊनच वळला. ती केल्व्हिनच्या तोंडावर बसली, पट्टीच्या बाजूलाच. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. केल्व्हिन कपाटावर आदळला, कपाटावरचे रिकामे डबे त्याच्यावर कोसळले. मर्व्हनं त्याच्या शर्टाची गळपट्टी धरून त्याला वर ओढलं आणि दुसरी मूठ मागे नेली. तेवढ्यात त्याच्या पोटात काहीतरी टरकन उसवलं. त्याला ते कळलंही नाही.

केल्व्हिनच्या तोंडातून रक्त गळत होतं. त्यानं हात वर केला नाही, डोकं झाकलं नाही. नुसतं बोट दाखवलं.

"मला नंतर मार. ती हलतेय."

मर्व्हच्या कानांतली हवा एकदम निघून गेली. तो ज्या वेळात मारत होता त्या वेळात पोटाशी लागलेला किडा आणखी आत शिरला होता.

लांब चिमटा खिडकीत होता. केल्व्हिननं एका हातानं जबडा धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचा दिवा उचलून काचेवर धरला. मर्व्हनं एकेक रातकिडा उपटला आणि चिमट्यातच चिरडला. शेवटच्यासोबत मेव्हिसच्या कातडीचा एक तुकडा आला. मग तो मक्याचं पीठ आण म्हणाला. केल्व्हिन रक्ताचे थेंब सांडत डबा घेऊन आला. रंगाच्या ब्रशच्या टोकानं मर्व्हनं जखमांवर पीठ दाबलं, रक्त थांबेपर्यंत दाबत राहिला. तीन पाय गेले होते. उरलेले पाच खूप वेळानं, एकामागून एक, कातीतून बाहेर सरकले.

तेव्हा कुठे मर्व्हच्या लक्षात आलं की शेडमधून आवाज येत नाही.

तो तिकडे गेला. पत्र्याखाली भट्टी होती. अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर पाय, पंख, डोकी यांचा थर साचला होता. जे जिवंत होते ते एकमेकांवर चढलेले होते. कोंडा भरपूर होता. गाजराचा तुकडाही कुठे नव्हता.

परत आला तेव्हा त्याच्या शर्टावर खाली रक्त उमटलं होतं. केल्व्हिन जमिनीवर बसला होता. तो ओठ न हलवता बोलला, "फ्रिजवर वाच. तूच लिहिलंस."

मर्व्हनं वाचलं.

*रातकिड्यांना कोंडा. पाण्याचं भांडं ठेवायचं नाही. सडलेलं दिसलं तर काढून टाक. मेव्हिसला शनिवारी चार.*

गाजरं बुधवारी सडली होती. केल्व्हिननं काढून टाकली होती. नवी घालायला कुणी सांगितलं नव्हतं. मेव्हिसनं तीन आठवडे अन्न नाकारलं होतं, पोट काळवंडलं होतं, कात जवळ आल्याचं मर्व्हला ठाऊक होतं. आणि तरी हाताच्या सवयीनं शनिवारी चार लिहून गेला होता. केल्व्हिननं एक अक्षर चुकवलं नव्हतं.

दारात लर्लीनबाई सूपचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी केल्व्हिनचं तोंड पाहिलं, मग मर्व्हचे हात.

"कपाट पडलं अंगावर," केल्व्हिन म्हणाला. "हा उचलायला गेला आणि टाके उसवले. दोघेही गाढव."

बाईंनी भांडं टेबलावर ठेवलं. त्या मर्व्हकडे बघत राहिल्या.

"मी मारलं," मर्व्ह म्हणाला.

"चार महिने उरलेत, लेका," केल्व्हिन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, दुखण्यानं असतील. "मी काय म्हणालो ते ऐकलंस ना? कपाट पडलं."

"कपाट गेल्या वेळीही पडलं नव्हतं," मर्व्ह म्हणाला. "गेल्या वेळीही तू खरंच बोलला होतास."

*

दोघांची मलमपट्टी एकाच दवाखान्यात, एकाच बाकावर बसून झाली. एकाला पाच नवे टाके, दुसऱ्याचा जबडा तारांनी बांधलेला. मर्व्हनं सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात जायचं ठरवलं होतं आणि केल्व्हिननं पाटीवर लिहून लिहून त्याला परोपरीनं शिव्या दिल्या. शेवटी, तुला टॅक्सी परवडते का, असं लिहून त्यानंच गाडी काढली.

निघायच्या आधी मर्व्ह स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला आणि लिहू लागला. एकतीस वर्षांत त्यानं पगाराच्या पावतीवर सही करण्यापलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याचे तीन कागद झाले, दोन्ही बाजूंनी. केल्व्हिननं ते फ्रिजवर लावले, आणि मर्व्ह परत येईपर्यंत ते तिथेच होते. लर्लीनबाईंनी ते इतक्यांदा वाचले की त्यांना अजून तोंडपाठ आहेत.

*गाजर रोज. वास येत नसला तरी कालचं काढायचं आणि आजचं घालायचं. काढलंस की घालायचंच. साल काढ, सालीत फवारणीचं विष असतं. जेलीचे खडे रात्री भिजत घाल, सकाळी पाणी निथळून दे. शेडचं दार उन्हात उघडं ठेव. किरकिर थांबली तर सगळं सोडून आधी पाणी बघ, त्यांना दुसरं काही मागता येत नाही.*

*मेव्हिसला महिनाभर काही घालू नको. दात काळे होईपर्यंत ती मऊ असते. ताटलीत पाणी ठेव, तिच्यासाठी भांडं चालतं. मग एकच किडा, खाऊ घातलेला, मागचे पाय काढून. अर्ध्या तासात तिनं घेतला नाही तर काढून घे. ती उताणी पडली तर मेलेली नाही. पाय पुन्हा फुटतील, दोन-तीन काती लागतील.*

*हे आधी सांगायला हवं होतं. आईकडे मी दारापर्यंत दोनदा आलो होतो. आत यायला जमलं नाही.*

*गाजर सोलताना सुरी स्वतःकडे धरू नको. तू लहानपणापासून तशीच धरतोस.*