पाड्यावरच्या सात मावश्या

सकाळी आठच्या ड्युटीला नऊ मावश्यांपैकी दोघीच आल्या. कोविडची दुसरी लाट भरात होती. शहापूरच्या आमच्या रुग्णालयातले सगळे बेड भरलेले. मी तिथली अ‍ॅडमिन मॅनेजर.

मावश्या म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस. बेडपॅन देणं, पाणी पाजणं, चादरी बदलणं ही त्यांची कामं. त्या दिवसांत प्रोनिंगची भर पडली होती. प्रोनिंग म्हणजे रुग्णाला पालथं झोपवायचं, त्याने ऑक्सिजन वाढतो. धाप लागलेला माणूस नळ्यांसकट वळवायला चार जण लागतात. तासाभरात सिस्टर सांगत आल्या की प्रोनिंग थांबलंय, आणि एक आजोबा मास्क काढून एकटेच बाथरूमला निघाले ते दारात कोसळले. सुदैवाने वाचले.

मी फोन लावले. न आलेल्या सातही जणी डोळखांबकडच्या एकाच पाड्यावरच्या. पाड्याने वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. दवाखान्यात जाईल तिने परत यायचं नाही, असं ठरलं होतं.

आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, एजन्सीकडून माणसं मागवा. एजन्सीने कोविड वॉर्डचं नाव ऐकून फोन ठेवला. मी जीप काढायला सांगितली.

फांद्यांपलीकडे पाड्यातले जाणते काळूबाबा उभे होते. समजूत घालायची, अशा तयारीने मी गेले होते. पण आधी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. घरं एकेका खोलीची, विहीर एकच. एखादी आजारी पडली तर तिला वेगळं ठेवायचं कुठे?

"बाबा, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "हे आम्हीच आधी विचारायला हवं होतं."

तिथेच उभ्याने ठरवलं. मावश्या पंधरा पंधरा दिवस आमच्या ट्रेनिंग हॉलमध्ये राहतील. टेस्ट झाल्याशिवाय घरी येणार नाहीत. बाबांनी तरी फांद्या हलवल्या नाहीत. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून त्या सातजणींपैकी हिरामावशी पुढे आली.

"बाबा, आमी पालथं निजवतो तवा त्यांना दम घेता येतो. आमी नाय गेलो तर कोन निजवील?"

 बाबांनी स्वतःच एक फांदी बाजूला ओढली.

"जा. पन रिपोट पयला मला सांगाचा."

दुपारी दोनला सातही जणी पीपीई चढवत होत्या. ते कोसळलेले आजोबा पुढे चालत घरी गेले.

दुसऱ्या पंधरवड्यानंतरच्या टेस्टमध्ये हिरामावशीचाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. खोटं कशाला बोलू, लपवावा असं क्षणभर मनात आलं. पण मी बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बरी करा नि मंग धाडा." दहा दिवसांनी ती बरी झाली. बाकीच्या सहा जणींना पाड्याने एकदाही अडवलं नाही. लाट ओसरेपर्यंत आमची एकही शिफ्ट मावशीविना गेली नाही. माझ्या नोकरीतली मला सर्वात अभिमानाची गोष्ट हीच.

नव्या मॅनेजरांना मी एवढंच सांगते: माणूस कामावर आला नाही तर नोटीस काढण्याआधी त्याचं घर बघून या.