शिपायांच्या डब्यांतले पंख

“ए तो नहीं बोले, सर,” बेन म्हणाल्या. “हुं बोली दईश.”

ती नाही बोलणार, मीच बोलेन. मी प्रयोगशाळेच्या मागच्या बेसिनवर काचेच्या बश्या धूत होते. दोघांना वाटलं असावं की नळाच्या आवाजात मला काही कळणार नाही. बेन मला दोन वर्षांनी सीनियर. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. दुसऱ्या दिवशी विभागात आमच्या कामाविषयी बोलायचं होतं, आणि दहा माणसांसमोर माझा आवाज जातो हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. सर नुसतं “हं” म्हणाले. मला अपमान वाटायला हवा होता. वाटली ती सुटका.

कारण त्या कामात एक चूक होती, आणि ती फक्त मला माहीत होती.

काम वाळवीचं होतं. बेन तिला उधई म्हणत. वाळवी आमच्या घरूनच, जुन्या बडोद्यातल्या पोळातून, म्हणजे गल्लीतून, आणलेली. बाबांच्या खुर्चीखाली रोज सकाळी खसखशीसारख्या दाण्यांची लहानशी रास पडायची, आई ती झाडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. ही कोरड्या लाकडातली वाळवी. तिला माती लागत नाही, खुर्चीच्या एका पायात तिचा अख्खा संसार मावतो. मी तो पाय मागितला तेव्हा बाबा म्हणाले, “ने, माझा पाय कापून ने.” खुर्ची तेव्हापासून तीन पायांवर आणि दोन विटांवर उभी आहे. वाळवीतल्या शिपायाचा जबडा इतका मोठा असतो की त्याला स्वतःच्या हातानं खाता येत नाही, दुसऱ्यांनी भरवावं लागतं, असं मी एकदा जेवताना सांगितलं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आणि बाबांना त्याचा अभिमान आहे. आई पोळी वाढता वाढता म्हणाली, “म्हणजे आपल्याकडचेच.”

राजा, राणी, शिपाई, कामकरी हे मी शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं, आकृतीसकट. प्रत्येक चित्राखाली एक नाव, जणू ते तसंच जन्माला आलं. या वाळवीत तसं नसतं. अंड्यातून सगळी सारखीच निघतात. जी काम करताना दिसतात ती खरं तर वाढलेली पिल्लंच. ती कात टाकतात, आणि दर कातीला त्यांचं काहीही होऊ शकतं. कुणाचा जबडा वाढतो आणि शिपाई होतो. कुणाच्या पाठीवर पंखांचे कोंब येतात. राणी मेली तर कुणी तिची जागा घेतं. बहुतेकांचं काहीच होत नाही. ती कात टाकून पुन्हा होती तशीच राहतात आणि कामाला लागतात. कोंब फुटलेलं एखादं पिल्लू पुढच्या कातीत ते कोंब घालवून बसतं, असंही होतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुढचं पान उलटलं नव्हतं.

आम्हाला पाहायचं होतं ते साधं होतं. डबीत आधीच शिपाई असेल तर नवा शिपाई तयार होतो का? मी वीस डब्या भरल्या. दहांत नुसती पिल्लं, दहांत पिल्लं आणि एक शिपाई. सहा महिने रोज सकाळी बसनं स्टेशनवर उतरून सयाजीगंजातून चालत यायचं आणि झाकणं उघडून मोजायचं. हळूहळू शिपाई नसलेल्या डब्यांत नवे शिपाई दिसू लागले. शिपाई असलेल्यांत एकही नाही. उत्तर इतकं स्वच्छ होतं की सरांनी मला चहा पाजला.

मग शिपायाच्या एका डबीत पंख पडलेले दिसले. चार, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. कुणीतरी पंखवालं होऊन, पंख टाकून कोपऱ्यात बसलं होतं. आठवड्याभरात आणखी तीन डब्यांत तेच. चारही डब्या शिपायांच्याच.

तेव्हा मला डब्या भरल्याचा दिवस आठवला. प्रत्येक पिल्लाची पाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, कोंब नसलेलीच निवडायची होती. शिपायांच्या डब्या मी शेवटी घेतल्या. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती. मी पाठी पाहायचं सोडून दिलं आणि उरलेली, जरा थोराड पिल्लं उचलून टाकली. त्यांच्यातली कितीतरी तेव्हाच पंखांच्या वाटेला लागलेली असणार, आणि त्या वाटेवरचं पिल्लू सहसा शिपाई होत नाही. ती शिपाई झाली नाहीत यात डबीतल्या शिपायाचा हात होता की माझा, हे आता सांगता येणार नव्हतं.

पंख मी ब्रशनं उचलले, टिश्यूत गुंडाळले आणि टिफिनच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवले. नोंदवहीत लिहिलं, सगळं ठीक. सांगितलं असतं तर सहा महिने पुन्हा, आणि प्रकल्पाच्या मुदतीचे चारच उरले होते. मी फार थकले होते. पुन्हा वीस झाकणं, पुन्हा प्रत्येकाची पाठ, या विचारानंच हात जड व्हायचे. आणि आता बेनच बोलणार होत्या. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं.

बेसिनवर बेनचं बोलणं ऐकलं त्याच संध्याकाळी आईनं टिफिनची पिशवी धुवायला उलटी केली.

“हे काय गं, पापुद्रे?”

“पंख आहेत. वाळवीचे.”

“घरात वाळवी, कॉलेजात वाळवी, आता डब्यातपण?” तिनं टिश्यू उजेडात धरला. “कुणाला दाखवायला ठेवलेस?”

“कुणाला नाही.”

“मग ठेवलेस कशाला?” तिनं तो पुन्हा घडी करून ओट्यावर ठेवला आणि कुकरकडे वळली. सकाळी निघताना टिश्यू पिशवीत टिफिनच्या डब्याखाली दिसला, तिनंच ठेवलेला.

बेन छान बोलल्या. पडद्यावर माझे आकडे होते, वर माझी लेबलं. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी सरांनी सवयीनं विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. बेननी वह्या गोळा करायला घेतल्या होत्या.

मी उठले तेव्हा खुर्ची जोरात करकरली आणि सगळे वळले. सर आमच्यासारखेच बडोद्याचे मराठी, तरी मी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलत आले. त्यात वाक्यं तयार मिळतात. त्या वेळी एकही मिळालं नाही. मी पुढे जाऊन टिश्यू त्यांच्या टेबलावर उघडला. पंख्याच्या वाऱ्यानं एक पंख उडाला, तो मी बोटानं दाबून धरला.

“सर, शिपायांच्या डब्या मी पाठी न बघता भरल्या. हे पंख त्यांतलेच आहेत. मी सगळ्या पुन्हा भरते, घरच्या खुर्चीला अजून तीन पाय आहेत.”