डाव्या खांद्यावरचा नांगर

डेलमार प्रुइटने चाळीस वर्षं न्यूयॉर्कात लिफ्ट दुरुस्त केल्या. समलिंगींच्या मोर्च्यात तो कधी पुढे नव्हता, कुठल्या पुस्तकात त्याचं नाव नाही. पण अठ्ठ्याहत्तर साली हडसन नदीच्या पडीक धक्क्यांवर, फुटक्या गोदामांत, भर दुपारी कपडे उतरवून एकमेकांचे फोटो काढणारे जे आमचे लोक होते, त्यातला तो एक. दुसरा त्याचा इग्नासियो. चेहरा कुणीच दाखवायचा नाही. फोटो मालकाच्या हाती लागला की नोकरी गेली. म्हणून आमचा सगळा इतिहास पाठमोरा.

इग्नासियो शहाऐंशीत एड्सने गेला. घरच्यांनी त्याचे फोटो जाळले. परवा आमच्या प्रदर्शनासाठी जुन्या फोटोंची खोकी उपसताना एक फोटो सापडला. खिडकीशी पाठमोरा उभा नागडा पुरुष, खांद्यावर जहाजाच्या नांगराचं गोंदण. मी डेलमारला बोलावलं.

"माझा नाचो," इग्नासियोचं लाडकं नाव घेत तो खुर्चीत बसलाच. "त्याचा एवढाच उरला. खाली नाव लिही."

फोटोंखालच्या 'अज्ञात पुरुष' या दोन शब्दांशी भांडण्यात माझा जन्म गेलाय. मी लगेच पाटी घेतली.

"गोंदण दोघांनी एकाच दिवशी केलं," तो सांगत होता. "माझ्या डाव्या खांद्यावर, त्याच्या उजव्या. शेजारी झोपलो की नांगराला नांगर लागायचा."

माझा हात थांबला. फोटोतला नांगर डाव्या खांद्यावर होता.

"अरे म्हाताऱ्या, मग हा तू आहेस!"

"काहीतरीच! माझे कुल्ले एवढे देखणे कधी होते?"

"शर्ट काढ."

"आधी जेवायला तरी ने, राणीसरकार." पण काढला. डावा खांदा, पुसट निळा नांगर. फोटो शेजारी धरला, पण जुळवणार काय? एवढ्या वर्षांत खांदेच उतरलेत.

मग तो एकदम म्हणाला, "फोटो छापायचा नाचो! बाथरूममध्ये, टबावर फळी टाकून. फिल्मची पट्टी नेहमी उलटी घालायचा. डाव्याचं उजवं. भांडणं व्हायची आमची."

"नेहमी?"

"बहुतेक वेळा."

माझं डोकंच फिरलं. सरळ की उलटा हे सांगणारं फोटोत एक अक्षर नाही, दोन्ही बाजूंना सारख्याच फुटक्या खिडक्या. पट्टी केव्हाच हरवलेली.

"कॅमेरा कुणाच्या हातात होता, ते तरी आठव!" मी ओरडलो.

"आळीपाळीने काढायचो रे. पँटीसुद्धा एकमेकांच्या घालायचो." त्याचा आवाज पडला. "मलाच कळेनासं झालंय. हा मी असलो, तर त्याचं काहीच उरलं नाही."

त्याने फोटो उचलला आणि बेसिनवरच्या आरशासमोर धरला. आरशात नांगर उजव्या खांद्यावर गेला. तो बघत राहिला. शर्ट घालायचा राहूनच गेला.

"हा बघ. असाच उभा राहायचा."

मी पाटीवर 'इग्नासियो बेलेस' लिहिलं. खरं लिहिलं की खोटं, मला अजूनही माहीत नाही. डेलमारने ते वाचलं, शर्टाची बटणं लावली, निघाला आणि दारातून परत आला.

"फोटो आहे तसाच लाव हं. सरळ करायला जाऊ नकोस. चुकला असेल, तर नाचोच चुकलाय."