मागच्या चाकांचा दाब

कर्वेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हिंमतराव पाचपोरांची पत्र्याची शेड होती. दारावर निळ्या रंगात दोनच शब्द लिहिलेले: 'फक्त ब्रेक'. कुणी ऑइल बदलायला गाडी आणली की ते बोटाने पाटी दाखवायचे. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, पाच मिनिटांचं तर काम आहे," तर उत्तर यायचं, "पाटी वाचायला त्याहून कमी लागतात."

असं बोलायला ते पुण्यात शिकले. मूळचे खामगावकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ब्रेकच्या चाचणी विभागात होते. दोन हजार दोन साली कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," ते म्हणायचे. कारखान्यात नवे इंजिनिअर आले की तीन महिने त्यांच्या हाताखाली शिकायचे आणि मग त्यांचेच साहेब व्हायचे. त्या तीन महिन्यांत ती मुलं त्यांना 'सर' म्हणत. नोकरी गेल्याचं त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं, पण शिकवणं सुटलं याचं वाटत होतं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. शिकले मेकॅनिकल आणि नोकरी हिंजवडीत, एका परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. रविवारी शेडमध्ये जाऊन बसायचे, तेवढाच लोखंडाचा वास.

आमोद आला तो दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात. एरंडवण्याचा, माझ्यासारखाच आयटीवाला. छोट्या गाडीत त्याने जास्त ताकदीचं इंजिन बसवून घेतलं होतं आणि पुढच्या चाकांना मोठ्या गाडीच्या डिस्क लावल्या होत्या.

"काका, एवढं सगळं केलं, पण गाडी पहिल्यापेक्षा लवकर थांबतच नाही."

"कशी थांबेल? पुढची चाकं आधीच अडकून घसरतात आणि मागची नुसती बघत बसतात."

"मग मागेही डिस्क टाकू."

"टाकू. आणि मग एक दिवस गाडी आपलं तोंड जिकडून आली तिकडे फिरवेल."

हिंमतरावांनी त्याला स्टुलावर बसवून समजावलं. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं नाकावर. ब्रेक मारला की उरलंसुरलं वजनही पुढे झुकतं. मागचं चाक तेव्हा रस्त्याला जेमतेम टेकलेलं असतं. ते आधी अडकलं, तर मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणून पुढची चाकं आधी अडकली पाहिजेत, मागची त्यांच्या जरा नंतर. हे 'जरा' किती, तेच ठरवायचं असतं.

त्यांनी मागे डिस्क बसवल्या आणि मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीवर दाब कमी-जास्त करणारा एक नॉब लावला. पूर्ण बंद असला की मागे दाब सगळ्यात कमी, उघडत जाऊ तसा जास्त. मग सलग तीन रविवार आम्ही मांजरीला गेलो. तिथे उसाला लागून नव्या वसाहतीचे रस्ते झाले होते, राहायला अजून कुणी आलं नव्हतं. चारही टायरांवर खडूची जाड रेघ मारायची. हिंमतराव एकटे गाडी चालवायचे. आमोद आणि मी रस्त्याकडेला उभे राहून कोणती रेघ आधी थांबते ते बघायचो.

"मागची आधी," मी ओरडायचे. ते उतरून नॉब पाव फेरा बंद करायचे.

तिसऱ्या रविवारी जमलं. पूर्ण बंदपासून सव्वादोन फेरे उघडा. गाडी जागच्या जागी, सरळ थांबली. नॉब फिरू नये म्हणून हिंमतरावांनी त्याचा लॉकनट आवळला. मी आकडा डायरीत लिहिला, आमोदने लॅपटॉपवर.

"काका, एक विचारू? चार माणसं बसली की मागे वजन वाढतं. तेव्हा दाब वाढवला तर अजून लवकर थांबेल ना?"

"थांबेल. आणि माणसं उतरल्यावर कमी कोण करणार?"

"मोबाईलवर अलार्म लावीन."

"हा नॉब रिकाम्या गाडीसाठी लावलाय. त्याला हात लावायचा नाही."

"ओके, काका."

मग तो वरचेवर यायला लागला. हिंमतरावांच्या बायकोच्या, मुक्ताकाकूंच्या, हातची भाकरी खायचा, मित्रांच्या गाड्या घेऊन यायचा. एकदा त्याचे वडील माधवराव आले. निवृत्त प्राध्यापक होते आणि जवळच्याच एका व्यवसाय प्रशिक्षण वर्गाच्या समितीवर होते. त्यांनी मुलाच्या गाडीत बसून ब्रेक लावून पाहिला होता. चहा घेताना म्हणाले, "नोव्हेंबरपासून आम्ही वाहनदुरुस्तीचा वर्ग काढतोय. ब्रेकचा भाग आपण शिकवावा अशी इच्छा आहे."

हिंमतराव नुसतं "बघू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यांवर आकृत्या काढायला बसले. जेवायच्या वेळी मुक्ताकाकूंपुढे ते पुठ्ठे ठेवून दाब कसा पोचतो ते सांगायचे. "अहो, माझं पास झालं," काकू म्हणायच्या, "आता आमटी निवायच्या आत जेवा."

सप्टेंबरअखेर अपघात झाला. आमोद आईला, पद्मजाताईंना, घेऊन वारज्याच्या बायपासवरून येत होता. रस्ता ओला होता. पुढचा ट्रक थांबला, याने ब्रेक दाबला आणि गाडी गर्रकन फिरून दुभाजकावर आदळली. आमोदला खरचटलंही नाही. पद्मजाताईंचा हात दोन ठिकाणी मोडला.

गाडी ओढून नेऊन जिथे ठेवली होती तिथे आम्ही आधी गेलो. हिंमतरावांनी लॉकनट पाहिला. घट्ट होता. तो सोडवून ते नॉब बंद करत गेले, फेरे मोठ्याने मोजत. पावणेचार. त्यांनी पुन्हा उघडला, पुन्हा मोजला. पावणेचारच.

संध्याकाळी आम्ही आमोदच्या घरी गेलो. पद्मजाताई आत झोपल्या होत्या. हिंमतराव सोफ्याच्या काठावर बसले.

"आमोद, नॉबला हात लावला होतास?"

"नाही, काका."

"शनिवारी मित्रांना घेऊन महाबळेश्वरला गेलास, तेव्हा?"

"म्हटलं ना, नाही." तो बंद टीव्हीकडे बघत होता.

"सव्वादोनवर सोडला होता. आज पावणेचार निघाला."

"वस्तू हलतात, सैल होतात," माधवराव म्हणाले. "आपोआप फिरला नसेल कशावरून?"

"लॉकनट आजही घट्ट आहे, साहेब. कुणीतरी सोडवून, फिरवून, परत आवळलाय."

"किंवा आपण आवळलात तेव्हाच तो पावणेचारवर असेल."

मी डायरी उघडून पुढे केली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण यांच्याकडेच भाडेकरू ना? छान. लिहून ठेवायची सवय चांगली आहे."

"आमोदच्या लॅपटॉपवर पण आहे," मी म्हटलं. आमोदने मोबाईल काढला.

"हिंमतराव, चूक मान्य करण्यात कमीपणा नसतो," माधवराव शांतपणे म्हणाले. "आम्ही पोलिसांत जात नाही आहोत. पण पंचवीस मुलं आपल्या हाताखाली द्यायची, म्हणजे आता विचार करावा लागेल."

हिंमतरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते आमोदकडेच बघत होते. "काहून रे?" एवढंच म्हणाले. आमोद मोबाईल चाळत राहिला.

आठवड्याने समितीचा फोन आला की ब्रेकच्या भागासाठी 'तूर्त' दुसरी सोय केली आहे.

दिवाळीच्या तोंडावर आमोद शेडमध्ये आला. गाडीचं पत्र्याचं काम करून आणलं होतं. मी तिथेच होते. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "काका, मी चुकलो. महाबळेश्वरला जाताना दीड फेरा वाढवला. भारी थांबत होती. परत आणायचा राहिला."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं?"

"आईचा हात बघून बाबा आधीच भडकले होते. मला त्या घरात राहायचंय, काका. तुमचं काय, तुमचं काम सगळ्यांना माहितेय." मग गाडीकडे बघत, "तेवढं सेटिंग परत करून द्या ना. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

मला वाटलं, आता हिंमतराव त्याला हाकलून देतील. त्यांनी जॅक ओढला आणि गाडी उचलली. दिवसभर काम केलं. मागच्या डिस्क काढल्या, कंपनीचे जुने ड्रम बसवले. नॉब काढून त्या जागी गाडीबरोबर आलेला, न फिरणारा लहानसा व्हॉल्व्ह घातला. संध्याकाळी आमोद आला आणि बॉनेटखाली वाकून बघायला लागला.

"काका, नॉब कुठाय?"

"काढला. हिच्यात आता फिरवण्यासारखं काही नाही."

"पण मग मोठ्या डिस्कचा फायदा काय?"

"काही नाही. सरळ थांबेल, पण जास्त रस्ता घेईल. पुढच्या गाडीपासून लांब राहा."

आमोदने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. "काका, मी बाबांना सांगेन."

"कधी?"

"या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. ते झालं की लगेच."

हिंमतरावांनी बॉनेट पाडलं. "गाडी ने. आणि मला काका म्हणू नको."

तो गेल्यावर मी चपला घातल्या. "मी जाते माधवरावांकडे. कबूल करताना मी ऐकलंय."

"कुठं जाऊ नको," ते हात पुसत म्हणाले. "त्याला तोंड आहे."

"आणि नाही बोलला तर?"

"तर मग तसला वर्ग मले नको."

वर्ग नोव्हेंबरात सुरू झाला. मी त्या खोलीत अजून वर्षभर राहिले. तेवढ्या काळात आमोदची कितीतरी रिलीजं झाली असतील. माधवरावांकडून कुणी आलं नाही.