शिंदे काकांची पाच मिनिटं

आमच्या पार्किन्सन मंडळात किस्से जमवावे लागत नाहीत. शनिवारी कर्वेनगरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या की चहाच्या आत एखादा तयार होतो. त्यातले निम्मे माझ्या मूर्खपणाचे, म्हणून तिथूनच सुरू करते.

सासऱ्यांना सोडायला म्हणून आले आणि फोटो काढायचं काम गळ्यात पडलं. पहिलाच ग्रुप फोटो. सगळे पासपोर्टला बसल्यासारखे गंभीर. मी आपली, "हसा ना जरा. अजून थोडं." पाच मिनिटं झाली. शेवटी पहिल्या रांगेतले शिंदे काका बारीक आवाजात म्हणाले, "मॅडम, मघापासून हसतोय. चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो."

या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हे मी त्याच सकाळच्या भाषणात ऐकलं होतं. वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

*

एकदा एक मोठे डॉक्टर बोलायला आले. विषय, 'गोळ्या वेळेवर का घ्याव्यात'. बरोबर बारा वाजता हॉलमधले सगळे मोबाइल एकदम वाजायला लागले. कुणाची आरती, कुणाचा कोंबडा.

डॉक्टर थांबले. "फोन सायलेंटवर ठेवायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

सगळ्यांनी शांतपणे डब्या उघडल्या, गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं.

मग शिंदे काकू म्हणाल्या, "हं, झालं. आता सांगा, वेळेवर का घ्यायच्या?"

*

शिंदे काका खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. आवाज इतका खोल गेला होता की घरचा फोनही काकूच घ्यायच्या आणि "ते म्हणतायत की..." करून काकांच्या वतीने बोलायच्या. बरेचदा काका काही म्हणालेलेच नसायचे.

एप्रिलच्या जाहीर कार्यक्रमात स्वतःच्या आजाराबद्दल पाच मिनिटं कोण बोलेल, असं मी विचारलं. काकांनी हात वर केला.

काकू म्हणाल्या, "ते म्हणतायत की ते लिहून देतील आणि मी वाचून दाखवीन."

"नाही म्हणत," काका म्हणाले. मग मला जवळ बोलावून, "नातू चार वर्षांचा झाला. त्याला वाटतं, आजोबांना बोलताच येत नाही."

*

झालं, तयारी सुरू. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं, पोटातून लांबलचक 'आ' म्हणायचा, जमेल तितक्या मोठ्यांदा. काका एकटे लाजायचे, म्हणून दर शनिवारी सगळं मंडळच त्यांच्याबरोबर 'आ' करायला लागलं.

महिन्याभराने समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ तणतणत आले. "अहो, हे काय चालवलंय? तिसऱ्या मजल्यावर टीव्ही ऐकू येत नाही."

काका पुढे झाले. "तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो आवाज?"

"स्वच्छ."

"लेखी द्या."

पुण्यातलाच माणूस, त्याने खरंच लेखी दिलं. ती तक्रार आम्ही नोटीस बोर्डावर लावली, सगळ्या प्रशस्तिपत्रकांच्या वर.

*

कार्यक्रमाच्या दिवशी मी पुन्हा अक्कल पाजळली. चालताना काकांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे अडतात. समोर आडवी रेघ दिसली, की ती ओलांडायला म्हणून पाऊल उचलतं. त्यासाठी आम्ही आदल्या दिवशी खुर्च्यांपासून माइकपर्यंत पिवळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आणि मी सकाळी त्यांवर झकास लाल गालिचा अंथरला. शोभा यायला नको?

नाव पुकारलं. काका उठले, गालिच्यावर आले आणि थांबले. हॉल भरलेला. काका खाली बघतायत, रेघ कुठेच नाही. मी "चला काका, चला" करत होते, म्हणजे जे अजिबात करायचं नसतं तेच.

काकू उठल्या. त्यांनी आपलं पाऊल काकांसमोर आडवं ठेवलं. काकांनी ते ओलांडलं. काकूंनी पुन्हा पुढे ठेवलं, काकांनी पुन्हा ओलांडलं. असे दोघं माइकपर्यंत गेले. काकू तिथून परत येऊन खुर्चीत बसल्या, वेळ पडली तर वाचायला आणलेला कागद पर्समध्ये टाकून.

"नमस्कार. आज मी स्वतःच म्हणतोय," काका म्हणाले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. नातू खुर्चीवर उभा राहिला आणि पाच मिनिटं बसला नाही.

टाळ्या थांबेनात. मी माइक घ्यायला गेले, तर तो मला धड धरता येईना.

"काका, बघा ना, माझेच हात थरथरतायत."

काकांनी निर्विकारपणे माझ्या हातांकडे पाहिलं. "दोन्ही?"

"हो, दोन्ही."

"मग मेंबर नाही करून घेता येणार. आमच्यात सुरुवात एका हातापासून होते."