जावयानं खोललेलं इंजिन

मला मोटारसायकलचं इंजिन खोलता येतं. (फक्त खोलता येतं असं म्हटलंय, हे कृपया लक्षात असू द्या.)

मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू हातात घ्यायची, चष्म्यावरून बघायची आणि 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा. वीस वर्षं हे केलं की आपल्याला जगातलं सगळं बनवता येतं असं माणसाला वाटायला लागतं. मी स्वतःच्या हातानं आजवर बनवलेली एकमेव वस्तू म्हणजे चहा, आणि तो बायको रिजेक्ट करते.

माझे सासरे, म्हणजे आबा, कान्ह्याला असतात. रेल्वेत पॉइंट्समन होते. हयातभर गाड्या योग्य रुळावर घातल्या आणि रिटायर झाले. त्यांच्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. दर वर्षी जयंतीला गावातल्या विहारापासून वडगावपर्यंत मोटारसायकलींची रॅली निघते आणि गेली तीस वर्षं त्या रॅलीत सगळ्यात पुढे आबांची गाडी असते. हँडलला निळा झेंडा, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि मागे धूर इतका, की मागच्या चार गाड्यांना आबा दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात!

या वर्षी जयंतीला तीन आठवडे राहिले असताना इंजिन जाम झालं. किक जागची हलेना. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आबांच्या धाकट्या भावानं, दगडूनानांनी, इलेक्ट्रिक स्कूटर घेतली.

"दादा, यंदा माजी गाडी पुडं घिऊ," नाना म्हणाले. "आवाज न्हाई, धूर न्हाई. लोकास्नी तू दिसशील तरी!"

 त्या दिवशी आबा जेवले नाहीत, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करतो, हा माझा जुना दोष आहे. रविवारी कान्ह्याला गेलो आणि भरल्या घरात जाहीर केलं, "आबा, मेकॅनिककडे नेऊ नका. इंजिन आणि गिअरबॉक्स मी घरी खोलून नवीन करून देतो."

आबांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्या बायकोकडे, वैशालीकडे बघितलं. वैशालीनं पंख्याकडे बघितलं. आता, आमच्याकडे सासुरवाडीत जावयाला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. जावयानं चौथी पोळी मागितली तर वाढतात आणि जावयानं इंजिन मागितलं तर तेही वाढतात.

"करा की, पावणं," आबा म्हणाले. आवाज जरा खोल गेला होता. "पर जयंतीला लागंल, हां."

"आदल्या दिवशी तयार, आबा!"

गाडी टेम्पोतून आमच्या लोणावळ्याच्या घरी आली. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे वर्कशॉप थाटलं. मोबाइल खिडकीत उभा केला, व्हिडिओ लावला आणि दोन दिवसांत इंजिन असं खोललं, की व्हिडिओतला माणूससुद्धा मागे पडला. (त्याला परत जोडायचं होतं, म्हणून तो सावकाश खोलत होता, हे पुढे लक्षात आलं.)

पण मी क्वालिटीवाला. माझी पद्धत होती! सुटे भाग मी ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं चिक्कीच्या रिकाम्या डब्यांत भरले. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाच्या घरात चिक्कीचे डबे किती असतात, हे मी सांगायला नको. प्रत्येक डब्यावर नंबर टाकला. तोही झाकणावर नाही, कारण झाकणांची अदलाबदल होते. डब्याच्या बुडावर! वरून बघणाऱ्याला अकरा डबे अगदी नवेकोरे, भरलेले, लोण्यातल्या शेंगदाणा चिक्कीचे.

तिसऱ्या दिवशी, जाम झालेल्या बेअरिंगच्या जागी आणलेलं नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. वैशालीनं मटार काढायला फ्रीजर उघडला.

"हे काय आहे?"

"बेअरिंग. थंड झालं की आकसतं. मग आवरण गरम करायचं, की त्यात अलगद बसतं."

"आवरण कशावर गरम करणार?"

मी तव्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "तव्याला हात लावलात," ती शांतपणे म्हणाली, "तर मटाराशेजारी तुम्हाला ठेवीन. चांगले आकसाल."

मी आवरण उन्हात गरम केलं.

त्याच आठवड्यात मी कामावर असताना दगडूनाना आमच्याकडे येऊन गेले. निमित्त खंडाळ्याला कुणाला तरी भेटायचं होतं, पण खरं म्हणजे गाडी कुठवर आली ते बघायचं होतं. घरात माझी आई एकटीच होती. तिनं चहा केला, पोहे केले. आणि आमच्या घरातून कुणी पाहुणा चिक्की घेतल्याशिवाय गेला, तर आईला दोन दिवस चैन पडत नाही. कपाटातली चिक्की नेमकी संपली होती. आई शेडमध्ये गेली. बघते तर अकरा डबे!

संध्याकाळी मी घरी आलो. डबे मोजले. नऊ.

"आई, इथले दोन डबे कुठायत?"

"दगडूनानांना दिले. तू येवडी चिक्की आनून ठिवलीस आन मला सांगितलं बी न्हाई!"

"आई, तो गिअरबॉक्स होता!"

"मला वाटलंच," आई म्हणाली. "येवडी जड म्हंजे डिंकाची असंल."

मी नानांना फोन लावला. ते उचलेनात, कारण ते विहारात जयंती कमिटीच्या बैठकीत होते. बैठकीत त्यांनी मोठ्या मनानं डबा फोडला. "आमच्या पावण्याकडची लोणावळ्याची चिक्की," असं म्हणत सगळ्यांपुढे फिरवला. सात जणांनी एकेक चक्र हातात घेतलं. बैठकीला आबाही होते.

दुसऱ्या दिवशी नाना डबे घेऊन हजर! "पावणं," ते दारातूनच म्हणाले, "चिक्की लय कडक हाय. सात जणांनी हातात घितली, कुनाला फुटंना!"

"नाना, आबा काय म्हणाले?"

नानांचं हसू जरा कमी झालं. "दादा काय बोलला न्हाई. एक चक्र उलटंपालटं करून बगितलं आन गपचिप डब्यात ठिवलं." मग त्यांनी कमिटीचा निर्णय सांगितला. जयंतीला सकाळी नऊ वाजता आबांची गाडी विहारापुढे चालू स्थितीत उभी पाहिजे. नाहीतर नानांची स्कूटर पुढे.

आबांनी ते चक्र कसं बघितलं असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला खरोखर लाज वाटली. आपलं तीस वर्षांचं वाहन डब्यातून वाटलं जातंय, आणि ज्यानं ते केलं त्याला जावई म्हणून काही बोलताही येत नाही! ठरवलं, आता गाडी चालू करायचीच.

पण सात जणांनी ती चक्रं आपापल्या अंदाजानं डब्यात परत टाकली होती. माझा क्रम गेला. मग मी मोठं चक्र, त्याच्यापेक्षा लहान, त्याच्यापेक्षा लहान, अशी ती बसवली. आमच्या स्वयंपाकघरात डबे असेच लावलेले आहेत आणि कधी तक्रार आलेली नाही. गिअर पडले! एक वॉशर उरला, तो मी खिशात टाकला.

राहिली ठिणगीची चकती. इंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते या चकतीवर ठरतं. खोलताना मी तिच्यावर आणि शेजारी आवरणावर मार्करनं बारीक खूण केली होती. खुणेला खूण जुळवायची की झालं! फक्त चकती तेलकट होती, म्हणून मी ती इतर भागांबरोबर आईकडे दिली आणि म्हणालो, "आई, हे जरा घासून दे." (हे मी स्वतः म्हणालो. आईचा यात काही दोष नाही.) आईनं राख आणि काथ्या घेऊन ती अशी घासली, की तीत तोंड दिसायला लागलं. खूण सोडून सगळं दिसत होतं.

मग काय, मी नजरेनं बसवली. वीस वर्षं क्वालिटीत काढलेली नजर!

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, चाक अधांतरी ठेवलं आणि किक मारली. किकनं असा काही उलटा दणका दिला, की मी दोन पायऱ्या चढून ओट्यावर गेलो. पण इंजिन चालू झालं! शेडभर धूर, पत्रे थरथरतायत, आई टाळ्या वाजवतेय! मी पहिला गिअर टाकला. मागचं चाक गरागरा फिरायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (निम्मं धुरामुळे.)

वैशाली चाकाकडे वाकून बघत होती. "अहो, हे उलटं फिरतंय का?"

"अगं, वेगात तसं वाटतं. पंखा नाही का उलटा फिरल्यासारखा दिसत?"

"पंखा बंद पडत आला की दिसतो तसा."

"तुला विज्ञानातलं कळत नाही," असं म्हणून मी इंजिन बंद केलं. हे वाक्य ती मला आता आठवड्यातून दोनदा ऐकवते.

सकाळी साडेआठला टेम्पोनं गाडी विहारापुढे उतरवली. चाळीसेक मोटारसायकली मागे रांगेत उभ्या. आबा पांढऱ्या सदऱ्यात वाटच बघत होते. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, झेंडा बांधला आणि मला म्हणाले, "जयभीम, पावणं. शब्द पाळलासा." मला कारखान्यात पंचवीस वेळा बढती मिळाली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

नऊ वाजले. वंदना झाली. आबांनी किक मारली, इंजिन कडाडलं, लोकांनी घोषणा दिल्या. आबांनी ताठ बसून समोर बघत गिअर टाकला, क्लच सोडला, आणि आबा मागे गेले!

समोर बघत, छाती पुढे काढून, सरळ मागे! नानांची स्कूटर बरोबर मागे होती. नाना ओरडले, "दादा, थांब! दादा, हिकडं न्हाई!" नानांनी पाय टेकत स्कूटर मागे घेतली, नानांच्या मागच्यानं त्याची घेतली, आणि बघता बघता चाळीस गाड्यांची रॅली वडगावच्या उलट दिशेला सरकली. माइकवरच्या माणसानं प्रसंगावधान राखलं. "आबा स्वतः मागं येऊन सर्व कार्यकर्त्यांना जयभीम करत आहेत!"

आबांनी ब्रेक मारला. त्यांना वाटलं, गिअर चुकला. दुसरा टाकला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जास्त वेगानं मागे गेली आणि मंडपाच्या खांबाला टेकून बंद पडली.

नानांच्या मागे गावातला मेकॅनिक होता. त्यानं वाकून बघितलं आणि माझ्याकडे आदरानं बघत म्हणाला, "टू-स्ट्रोकचं हे असतंय. ठिणगी चुकीच्या टायमाला पडली की इंजिन उलटं फिरतंय. ऐकून व्हतो, बगितलं आजच. आता तुमच्या गाडीला चार रिव्हर्स गिअर हायती."

"दुरुस्त किती वेळात?"

"दुपार व्हईल."

 नानांनी स्कूटरची चावी फिरवली, पण पुढे काही आले नाहीत. मला वाटतं, त्यांनाही भावाचा चेहरा बघवेना. आबा गाडीवर तसेच बसून होते. मग त्यांनी गाडी न्यूट्रल केली, झेंडा सरळ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाला काम सांगितलं.

"पावणं, मागं या. ढकला."

"आबा, वडगावपर्यंत?"

"आजून कुटं? आन हळू ढकला. लोकास्नी बगू द्या."

दोन-तीन जण मदतीला धावले. आबांनी हात वर केला. "कुनी हात लावायचा न्हाई. ज्यानं खोललंय त्योच चालवील."

रॅली निघाली. पुढे आबा, त्यांच्या मागे मी ओणवा, माझ्या मागे नानांची स्कूटर, आवाज न करता. ती किती जवळ आलीय ते मला कळायचंच नाही, म्हणून मी जास्त जोरात ढकलत होतो. रेल्वेचं फाटक बंद मिळालं. फाटक बंद असल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला, पण गाडी लोकल निघाली, चटकन गेली. पुढे हायवेचा चढ. बायाबापड्या रस्त्याच्या कडेला ताक घेऊन उभ्या होत्या. एका मावशींनी मला ग्लास दिला आणि आबांना विचारलं, "आबा, यंदा गाडीचा आवाज न्हाई तो?"

"नवं इंजिन बसवलंय," आबा म्हणाले.

"ॲव्हरेज किती देती?"

आबांनी मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. "चार ग्लास ताकात वडगाव."

वडगावात आबांनी गाडीवरून उतरून सगळ्यांशी हात मिळवले, भाषणाला उभे राहिले, नानांना शेजारी उभं केलं. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी एका भिंतीला टेकून श्वास शोधत होतो.

याला आता आठ महिने झाले. मेकॅनिक म्हणतो, चकती थोडी फिरवायची, अर्ध्या तासाचं काम आहे. मी आबांना तीनदा फोन केला, "आबा, गाडी दुरुस्तीला देऊ या का?"

तीनही वेळा एकच उत्तर. "कशाला? चांगली चालतीया की."

जयंतीला चार महिने राहिलेत. मी रोज सकाळी पळायला जातो.